डायव्हरच्या मागची सीट

आमच्या घरात सहल हा शब्द नव्हता. वडील सोलापुरात यंत्रमागावर होते. कारखाना चालू असला की कामावर, बंद पडला की घरात भिंतीला टेकून. अम्मा विड्या वळायची. पानं कातरून, सुपात तंबाखू घेऊन एकदा का ती दाराशी बसली की तिन्हीसांजेपर्यंत तिची मान वर व्हायची नाही. खोली एक, माणसं पाच, आणि बारा महिने नाकात तंबाखूचा खकाणा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. पण दोन्ही भाषांत 'आता नको, पुढं बघू' हेच वाक्य जास्त चालायचं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. सकाळी येईल की भर दुपारी, ते नळालाच ठाऊक. त्यामुळं घरातलं एक माणूस कायम नळाला बांधलेलं. गावाला जायचं म्हटलं तरी आधी विचारायचे, "आणि पाणी कोण भरंल?"

त्या गल्लीतून मी बी.ए. झाले, पुढं बी.एड. केलं आणि शाळेत इतिहास शिकवायला लागले. आमच्या घराण्यातली कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी सगळ्यांना सांगते. सांगायला लाज कसली? पण आज लिहायचंय ते समोरच्या घरातल्या महानंदा काकूंबद्दल.

पाणी आलं की पहिली हाळी काकूंची. "आलंऽऽ गं, आलं!" एवढंच. काय आलं ते सांगावं लागायचं नाही. पदर खोचून, दोन हातांत दोन घागरी घेऊन त्या दारात उभ्या असायच्या. ठेंगण्या, रुंद, कपाळावर विभूतीच्या पट्ट्या आणि खाली रुपयाएवढं कुंकू. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं मराठीत चिडायला सुरुवात करायच्या आणि राग फारच आला की कानडीत शिरायच्या. कानडी सुरू झालं की पोरं पळायची.

त्यांचे मालक म्हणजे कोळेकर गुरुजी. प्राथमिक शाळेत शिक्षक. उंच, किडकिडीत, आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोरही झोपायचं नाही. गुरुजींचा एक नाद होता. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते गल्लीतल्या लोकांची सहल काढायचे. आमच्याकडं लोक गाडी करून देवाला जात. गुरुजी मात्र पडक्या जागी न्यायचे. विजापूर, बदामी, ऐहोळे, हंपी, आणि शेवटी घाटातल्या, सिरसीकडच्या डोंगरातल्या एका खेड्यात मुक्काम. "देव तुम्हाला घरीबी भेटतोय," ते म्हणायचे, "राजाची राजधानी घरी भेटत न्हाई."

आणि या सहलीची सगळी शिदोरी काकूंच्या चुलीवर व्हायची. आठ-दहा दिवस आधीपासून त्यांच्या अंगणात कडक भाकरी पडायला लागायची. ज्वारीची, कागदासारखी पातळ थापलेली, तव्यावर भाजून मग मंद विस्तवाशी उभी करून वाळवलेली. बोटानं टिचकी मारली की खापरासारखी वाजली पाहिजे. वाजली नाही तर काकू ती भाकरी घरात ठेवायच्या, सहलीला द्यायच्या नाहीत. खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी. अम्मा आणि मी हाताखाली असायचो. मी कॉलेजात जायला लागले होते आणि पुस्तकात वाचलेलं कुणाला तरी ऐकवायची मला हौस होती. पण काकूंपुढं माझं काही चालायचं नाही. हंपीचा दगडी रथ, तर त्यांच्या मते तो हत्ती ओढायचे. गोलघुमटातला सात वेळा घुमणारा आवाज त्यांनी उचलून बदामीच्या लेण्यांत नेऊन ठेवलेला. मी म्हटलं, "काकू, तो आवाज विजापूरला हाय, आणि रथ जागेवरनं हलत नसतो. ते देऊळ हाय."

"तू गेलतीस का?"

"न्हाई. वाचलंय."

"मग? वाचल्यालं आन् आईकल्यालं एकच की. थाप भाकरी."

गंमत अशी की जे जाऊन आलेले, त्यांच्याशीही त्या अशाच भांडायच्या. बसचे डायव्हर मेहबूबमामा तर दरवर्षी हंपीला जाणारे. ते म्हणायचे, "भाभी, आपने तो देखाच नहीं, और मेरेकू समझाते?" त्यावर काकू शांतपणे म्हणायच्या, "तुमी नीट बघितलं न्हाय, भाईजान. बघणाऱ्याला दगड दिसतोय, आईकणाऱ्याला राजा दिसतोय."

काकू त्या सहलीला कधीच गेल्या नव्हत्या.

आधी सासूबाई अंथरुणावर होत्या. त्यांचं करता करता वर्षं गेली. मग मुलीची, सुनीताची, दोन बाळंतपणं नेमकी दिवाळीला आली. आणि मधल्या वर्षांत कारण साधं असायचं. बस भरायची. डायव्हरच्या मागची खिडकीची सीट गुरुजी मुद्दाम काकूंसाठी धरून ठेवायचे, आणि निघायच्या आदल्या दिवशी कुणीतरी येऊन उभं राहायचं. कुणाची आई, कुणाची नवी सून. गुरुजींच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नव्हता. ते म्हणायचे, "आपलं घरचं माणूस काय, कवाबी जाईल. पुढच्या वर्षी नक्की." भलेपणा होता तो, खोटेपणा नव्हता. पण घरच्या माणसाच्या वाट्याला तो कधी आला नाही.

काकूंना हंपीचं फारसं नव्हतं. त्यांचं मन अडकलं होतं ते शेवटच्या मुक्कामात. गुरुजींनी पहिल्या वर्षी येऊन सांगितलं होतं की डोंगरातल्या त्या खेड्यात एक घर आहे, तिथं वरच्या झऱ्याचं पाणी सुपारीच्या चिरलेल्या खोडांच्या पन्हळीतून थेट सैपाकघरात येतं. नळ नाही, तोटी नाही. रात्रंदिवस पडतंच राहतं, कुणी बंद करत नाही. बाईनं चुलीपुढनं हात लांब केला की पाणी.

जिनं उभा जन्म घागरी भरल्या, तिला हे ऐकून काय झालं असेल ते समजायला शिक्षण लागत नाही. सहल परत आली की काकू प्रत्येकाला हेच विचारायच्या.

"पाणी बघितलंस?"

"बघितलं की, काकू."

"धार केवढी हाय?"

कुणी मनगट दाखवायचं, कुणी अंगठा. काकू ते मनातल्या मनात ताडून बघायच्या. "आन् बंद न्हाईतच करत?" असं पुन्हा एकदा विचारायच्या. मग अम्माकडं वळून म्हणायच्या, "बघ गं. तिथली बाई दिवसभर काय करत आसंल?"

अम्मा विडी वळता वळता म्हणायची, "झोपत असंल."

"मी न्हाय झोपणार. मी नुसती बसून बघणार."

एका वर्षी सहलच मोडायची वेळ आली. विडीच्या कारखान्यात बायकांमध्ये कुणीतरी उठवलं की हंपीतल्या मूर्ती सगळ्या फुटलेल्या आहेत. आमच्याकडं फुटलेला देव घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. अशा देवाचं तोंड दिवाळीत कशाला बघायचं? एकीनं नाव काढून घेतलं, तिच्या मागं दुसरीनं. गुरुजींनी शिल्पकला, इतिहास, सगळं समजावलं. मीही माझं पुस्तक घेऊन त्यांच्या बाजूनं बोलले. बायका ऐकून घेत होत्या आणि माना हलवत होत्या, पण त्या माना नकाराच्या होत्या.

काकू भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "घरातलं म्हातारं हातपाय मोडून पडलं, तर त्येला बघायला जात न्हाई व्हय तुमी? का म्हणताव, धड व्हतं तवा येणार व्हतो, आता न्हाय येत?"

 एक म्हातारी म्हणाली, "नारळ घ्यावा का मग संगट?"

"घे की. आजाऱ्याकडं जाताना रिकाम्या हातानं जात न्हाईत."

बस भरली. मी त्या वर्षी पहिल्यांदा गेले. हंपीच्या उन्हात, नाक तुटलेल्या, हात गेलेल्या मूर्तींपुढं आमच्या बायका नारळ ठेवत होत्या आणि एकीनं तर "लवकर बरं व्हा" म्हणून हात जोडलेले मी स्वतः बघितलंय. तिथला पहारेकरी ओरडत आला, कुंकू लावू नका म्हणून. गुरुजी डोळे पुसत हसत होते. हे सगळं घडवणारी बाई सोलापुरात नळाची वाट बघत बसली होती.

मग ते वर्ष आलं. सासूबाई वारून गेल्या होत्या, सुनीता कुर्डुवाडीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये सुखात होती. गुरुजींनी महिनाभर आधी जाहीर केलं, यंदा काकू येणार. काकूंनी इरकल नेसलं. कधी नव्हे ते डोळ्यांत काजळ घातलं. शाळेच्या कोपऱ्यावर बस उभी होती, आणि काकू डायव्हरच्या मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या, पाठ ताठ करून, परीक्षेला बसल्यासारख्या. मेहबूबमामा आरशातून बघून म्हणाले, "भाभी, आज तो मेरेकू रास्ता तुमीच बताओ."

"बताती की. गाडी तरी सुरू करा."

तेवढ्यात विमलमावशी आली. पलीकडच्या गल्लीतली, विधवा, एकटी. तिचं नाव कुणीतरी सांगतो म्हणालं होतं आणि सांगितलंच नव्हतं. डोक्यावर बोचकं, पायात नव्या चपला. सगळ्या कारखान्याला सांगून आली होती की मी चालले. बसमध्ये जागा नव्हती. विमलमावशी दारात उभी राहून नुसती सीटा मोजल्यासारखं बघत राहिली.

गुरुजींनी हातातली यादी चाळली. मग त्यांनी काकूंकडं बघितलं.

काकू उठल्या. पिशवी काखोटीला मारली आणि उतरताना म्हणाल्या, "मला तसंबी बस लागती. जा गं विमल, बस."

मी मागच्या खिडकीत होते. बस हलली तेव्हा काकू शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, इरकल नेसलेल्या, आणि हात हलवत नव्हत्या. गुरुजी वळून बघतील असं मला वाटलं. ते पुढं बघून यादी वाचत होते. परत आल्यावर काकूंनी नेहमीप्रमाणं सगळ्यांना पाण्याचं विचारलं. गुरुजींना मात्र नाही विचारलं. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी भाकरी केली, चटणी केली, आणि गुरुजी "यंदा नक्की" म्हणाले तेव्हा म्हणाल्या, "माझं नाव घालू नका. घातलं की खोडायला लागतंय."

मग गुरुजींच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू पडली, वाचा गेली. तो दणदणीत आवाज गेला आणि घरात नुसत्या काकूंचा आवाज राहिला. त्या त्यांना भरवायच्या, पुसायच्या, रागवायच्या. "आ करा. एवढ्या लोकास्नी जेवायला घातलं मी, तुमाला भारी हाय व्हय?" वर्षभरानं तोंडातून तुटक शब्द यायला लागले. आम्ही भेटायला गेलो की ते डाव्या हातानं काकूंकडं बोट करायचे आणि म्हणायचे, "न्या. हिला. न्या."

आम्ही म्हणजे गुरुजींचे जुने विद्यार्थी आणि मी. ठरवलं, एकदा शेवटची सहल काढू. काकू ऐकेनात. "ह्यांचं कोण करंल?" सुनीता कुर्डुवाडीहून आली, अम्मा म्हणाली मी आहे. "आन् पाणी?" अम्मा पहिल्यांदाच चिडलेली मी बघितली. "आमी भरतो की पाणी! जावा आता!"

काकूंचे गुडघे गेले होते. बसच्या पायऱ्या त्यांना दोघींनी धरून चढवल्या. डायव्हरच्या मागं बसल्या. मेहबूबमामाही आता थकले होते, स्टिअरिंगवर त्यांचा मुलगा होता आणि ते शेजारी. निघता निघता एक बाई धावत आली, नातवाला घेऊन, एक जागा होईल का म्हणून. आणि खरं सांगते, सवयीनं आम्ही सगळ्यांनी काकूंकडंच बघितलं.

काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. शाळेची भिंत नीट वाचत असल्यासारख्या. मान वळवली नाही. त्या बाईला शेवटी आम्ही पुढं स्टुलावर बसवलं, नातू मांडीवर.

हंपीत काकू फार चालू शकल्या नाहीत. रथापाशी त्यांना कसंबसं नेलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, चाकाला हात लावला.

"एवढाच?"

"एवढाच की, काकू."

"ह्येला हत्ती कशाला लागतोय? बैल बास हाईत." आणि थोड्या वेळानं, "ह्यांनी लई मोठा करून सांगितला गं. का मीच केला, कुणास ठाऊक."

बदामीच्या लेण्यांच्या पायऱ्या त्या चढल्याच नाहीत. खाली तळ्याच्या काठी बसून राहिल्या. मी शेजारी बसले तर म्हणाल्या, "आमच्या गुडघ्यांत दम व्हता तवा लोकांच्या भाकरी केल्या. आता बघायला आले तर गुडघं न्हाईत. पद्मे, तू आसं करू नगंस." मी मान हलवली. 

शेवटच्या दिवशी बस घाटात शिरली. ओली, हिरवी, अंधारी झाडी. दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा. काकूंनी पिशवीतून पुडी काढून कुंकू पुन्हा नीट लावलं. खेड्यात उतरलो, लाल मातीची पायवाट, मंगलोरी कौलांचं घर. यजमानीण बाई दारात आली. काकू तिच्याशी कानडीत बोलल्या. मला निम्मं कळलं, उरलेलं त्यांनी नंतर सांगितलं.

राम राम करायच्या आधीच काकूंनी विचारलं, सैपाकघर कुठं आहे?

बाई आत घेऊन गेली. ओट्यावर स्टीलची तोटी होती. मागं अंगणात काळी प्लॅस्टिकची टाकी आणि विहिरीवर मोटार. काकूंनी भिंतीकडं बघितलं. भिंतीत वरच्या अंगाला एक गोल भोक होतं, विटेच्या तुकड्यानं बुजवलेलं.

बाईनं सांगितलं, दोन पावसाळ्यांमागं वरचा डोंगर खचला. माती आली, झाडं आली, आणि झरा वाट बदलून पलीकडच्या ओढ्याला गेला. तोवर येत होतं पाणी. तिच्या सासूच्या सासूच्या काळापासून येत होतं.

"दोन पावसाळं," काकू मराठीत म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही.

मग ती बाई विचारायला लागली, तुम्ही कुठल्या? सोलापूरच्या? मग ते मास्तर कुठं आहेत? मोठ्या आवाजाचे? दरवर्षी यायचे, इथं चुलीपाशी बसून धारेखाली हात धरायचे. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी बायकोला आणतो, तिला हे दाखवायचंय. आम्ही एक-दोन वर्षं ओटीचा खण काढून ठेवला होता. मग सोडून दिलं.

काकू म्हणाल्या, "मीच ती."

बाई बघतच राहिली. मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अय्यो! आम्हाला वाटलं, मास्तरांना बायको नाहीच. उगीच म्हणतात."

काकू हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. ती बाईही हसायला लागली. बाहेरच्या बायका डोकावून बघायला लागल्या, काय झालं म्हणून. हसता हसता काकू खाली बसल्या, भिंतीला टेकून, आणि मग त्या हसत नव्हत्या. बाईनं त्यांच्यापुढं पाट मांडला, केळीचं पान ठेवलं, आणि आमच्या कुणाच्याही आधी त्यांना वाढलं. काकू जेवल्या. तांदळाची भाकरी हातात घेऊन म्हणाल्या, "मऊ हाय. सहलीला चालायची न्हाई." पण दुसरी मागून घेतली.

निघताना बाईनं त्यांची ओटी भरली. काकूंनी तो खण उघडून रंगही बघितला नाही. परतीच्या वाटेत मी म्हटलं, "काकू, गुरुजींना सांगू नका पाण्याचं. जीवाला लावून घेतील. येतंय म्हणा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की आता कानडी ऐकावं लागणार असं मला वाटलं. पण त्या मराठीतच म्हणाल्या, "चाळीस वर्षं म्यां त्येंचं खरं मानून आईकलं. आता एक दिस त्येंनी माझं आईकावं."

घरी पोचलो तेव्हा गुरुजी उशीला टेकून वाट बघत होते. अम्मानं त्यांची दाढी करून घेतली होती. काकू चपला काढून तशाच त्यांच्यापाशी जाऊन बसल्या. गुरुजींचे ओठ हलले.

"पाणी?"

"न्हाई," काकू म्हणाल्या. "बंद झालं. डोंगर पडला. दोन वर्सं आदी न्हेलं आसतं, तर गावलं आसतं."

सुनीता "आई!" म्हणाली. काकूंनी तिच्याकडं बघितलं नाही. गुरुजींच्या धड डोळ्यातून पाणी आलं आणि पडलेल्या बाजूनं नुसतं ओघळत राहिलं. काकूंनी पदरानं पुसलं, जोरात, लहान पोराचं तोंड पुसतात तसं.

"तुमचं नाव काढलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "म्हणल्या, मास्तर हात धरून बसायचे धारंखाली." आणि मग त्यांनी रथापासून सगळं सांगायला सुरुवात केली. गुरुजी ऐकत होते. काकू बघून आल्या होत्या आणि तरी हत्ती रथाला जुंपलेलेच होते. माझ्याकडं एकदा बघितलं, म्हणजे मी गप्प बसावं.

पुढं काही महिन्यांनी गुरुजी गेले. काकूंना सुनीतानं कुर्डुवाडीला नेलं. सहल पुन्हा निघाली नाही. आता आमच्या गल्लीत ती कडक भाकरी कुणी करत नाही, दुकानातून पाकीट आणतात.

गुरुजींनी पन्नास माणसांच्या बसगाड्या भरून भरून अख्खी गल्ली फिरवली. काकू एकदाच गेल्या. आपल्या सीटवर बसून गेल्या आणि त्याच सीटवर बसून परत आल्या.